दुसरी बाही

माझ्या तोंडात दिवसभर एकच वाक्य असतं, ‘हलू नका.’ चौदा वर्षं मी लोकांना हेच सांगत आले आहे. नवरा म्हणतो की मी झोपेतही ते पुटपुटते आणि तो बिचारा कूस बदलायला घाबरतो. यात खरं किती आणि सकाळी न उठण्याची सोय किती, ते त्याचं त्यालाच ठाऊक. शाळेत मला बडबडीसाठी आठवड्यातून एकदा तरी वर्गाबाहेर उभं करायचे. अशा बाईला लोकांना गप्प पडायला लावायची नोकरी मिळाली, याला काय म्हणायचं?

मी मेंदूची चित्रं काढते. म्हणजे काढतं मशीन, मी नुसती बटणं दाबते. मशीन म्हणजे खोलीभर पसरलेलं एक अजस्र चुंबक. मधोमध बोगद्यासारखं भोक असतं, त्यात माणसाला डोक्याकडून सरकवायचं. एरवी दवाखान्यांत असतात त्यांच्या दुपटीहून जास्त या चुंबकाची ताकद. इमारतीत मला सगळे चुंबकबाई म्हणतात, आणि तोंडावर म्हणतात, हे त्यातल्या त्यात बरं.

या मशीनवर आमचे मोठे डॉक्टर नैराश्याचा अभ्यास करतात. मेंदूत खोल मधोमध वाटाण्याहून लहान असा एक भाग आहे. त्याला एक जिभेला न पेलणारं नाव आहे, मी त्याला वाटाणाच म्हणते. डॉक्टरांना संशय असा की नैराश्यात या वाटाण्याचं काहीतरी बिनसतं आणि माणूस सुधारला की तो फरक चित्रात दिसतो. हा अभ्यास करू द्या म्हणून ते समितीकडे गेले तेव्हा समितीने दोनदा त्यांना वाटाण्याच्या अक्षता लावल्या, तिसऱ्यांदा हो म्हटलं. हा विनोद मी त्यांना ऐकवला होता. ते हसले नाहीत. माणूस सज्जन आहे, पण हसणं हा त्यांचा विषय नाही.

आता वाटाणा एवढासा, म्हणून डोकं जरा हललं की चित्र पुसट. त्यासाठी नियम केला होता. नऊ मिनिटांत डोकं अर्ध्या मिलिमीटरच्या वर हललं की चित्र बाद. एका भेटीत तीन प्रयत्न. तिन्ही बाद झाले की माणूसच अभ्यासातून बाद, आणि त्याच्याबरोबर त्याचा बुधवारही बाद. अभ्यासातल्या प्रत्येकाला दर बुधवारी वरच्या मजल्यावर समुपदेशक बाईंबरोबर एक तास मिळायचा, चांगला वर्षभर. बाहेर तशा तासासाठी आठ महिन्यांची रांग होती. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरवर माणसाचा बुधवार टांगलेला, आणि ‘हलू नका’ म्हणणारी मी.

अभ्यासात माणसांना नावं नसतात, नंबर असतात. सतरा नंबर आमच्याकडे आल्या त्या दिवशी पहिला घोटाळा मोठ्या डॉक्टरांनीच केला. बाहेरच्या बाकावर दोन बायका बसल्या होत्या. एक नीटनेटकी, हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. दुसरीच्या अंगात राखाडी कोट, आणि कोटाला बाही एकच. उजव्या बाजूला खांद्यापासून सगळं उघडं, शिवणीची कच्ची धावदोऱ्याची टोकं लोंबताहेत. डॉक्टरांनी एका बाहीच्या बाईंकडे पाहून अत्यंत मृदू आवाजात ‘या, घाबरू नका’ म्हटलं आणि त्यांना आत नेलं. दहा मिनिटं त्यांना झोप लागते का, भूक लागते का, जगण्यात रस वाटतो का, असं सगळं विचारून झालं. बाई तोंडभर उत्तरं देत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या की माझं सगळं छान चाललंय, पण तुम्ही माझ्या ताईला कधी तपासणार?

तर ती धाकटी बहीण. आजारी होती ती थोरली, बाकावरची. थोरली शिवणकाम करायची, आणि साधंसुधं नाही. कोट शिवणारी बाई म्हणून दूरदूरची गिऱ्हाइकं तिच्याकडे यायची. आठ महिन्यांपूर्वी धाकटीच्या कोटाची एक बाही लावून झाली आणि दुसरी लावण्याआधी ती मशीनवरून उठली, ती परत बसलीच नाही. मशीनवर चादर पडली. गिऱ्हाइकं आपापलं कापड परत घेऊन गेली. कुणी मेलं नव्हतं, कुणी सोडून गेलं नव्हतं. धाकटी म्हणाली की कारण सापडलं असतं तर मी त्याच्याशी भांडले तरी असते.

भांडायला कुणी न मिळाल्यामुळे धाकटीने दुसरा मार्ग काढला. ती तो अर्धा कोट घालून सगळीकडे जायला लागली. बाजारात, बँकेत, नोकरीच्या ठिकाणी. आपल्या हातचं अर्धवट काम कुणी अंगावर मिरवतंय हे पाहून ताईला कधीतरी चीड येईल आणि ती बाही लावून टाकेल, असा तिचा हिशोब. मला ती बाई तत्क्षणी आवडली. आठ महिने एक हात गारठवून घेणं हे काही खायचं काम नाही.

थोरलीला मी आत नेलं. लोखंड अंगावर चालत नाही म्हणून आम्ही सगळ्यांना बंदांचा निळा सुती झगा देतो. त्यांनी तो उलटा घातला होता, शिवणी बाहेर. मी सांगितलं. त्यांनी खाली पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘असू दे.’’ कोट शिवणारी बाई उलट्या शिवणींकडे पाहून असू दे म्हणते, तेव्हा काय झालंय हे कळायला मला वाटाणा बघायची गरज नव्हती.

आणि त्या काय पडून राहिल्या! माझ्यासमोरच्या पडद्यावर डोक्याच्या हालचालीची एक रेघ उमटत जाते. धडधाकट माणूस गिळतो, त्याचं नाक खाजतं, त्याला अचानक गॅस बंद केला का ते आठवतं. रेघ थरथरत राहते. यांची रेघ फूटपट्टीने आखल्यासारखी सरळ. नऊ मिनिटं संपली तरी सरळ. मोठे डॉक्टर खूश झाले. त्यांनी ते चित्र मोठं करून भिंतीवर लावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला लागले की सहभागी असावा तर असा. मी मात्र त्या रेघेकडे बघायचं टाळत होते. खरं सांगायचं तर मला तिची भीती वाटली.

सहा आठवड्यांनी दुसरी भेट. झगा या वेळी सुलटा होता. मी त्यांच्या डोक्याभोवती उशा बसवत होते तेव्हा त्या छताकडे बघत म्हणाल्या, ‘‘ह्या झग्याचा मुंढा कुणी कापलाय?’’ मुंढा म्हणजे बाही जिथे जोडतात ती गोलाई, हे मला त्यांच्याकडून कळलं. मी म्हटलं की खरेदी विभागाने कापला असावा, जेवणाच्या सुट्टीत. तेवढ्यावर विषय संपला असं वाटलं. पण चित्र सुरू झाल्यावर चौथ्या मिनिटाला रेघेवर एक बारीकसं टेंगूळ आलं. अर्ध्या मिलिमीटरच्या आत, नियमात बसणारं. मी काचेतून पाहिलं तर पोट एकदाच हललं होतं. बाई चार मिनिटं उशिरा हसल्या होत्या.

मी हा विजय कुणालाच सांगितला नाही. फक्त नोंदवहीत शेरा लिहिला. प्रत्येक चित्रापुढे आम्हाला शेऱ्याचा रकाना असतो आणि चौदा वर्षांत तो कुणी वाचल्याचं माझ्या ऐकिवात नाही. म्हणून मी त्यात मनाला येईल ते लिहिते. त्या दिवशी लिहिलं, ‘हसल्या, उशिरा, पण हसल्या.’ धाकटीला बाहेर मुंढ्याची गोष्ट सांगितली तर ती आनंदाने आधी रडली आणि मग संतापली. परक्या झग्याचा मुंढा दिसला आणि सख्ख्या बहिणीची बाही दिसली नाही, असं तिचं म्हणणं.

तिसरी भेट म्हणजे शेवटची. त्या दिवशी बाई कपडे बदलायला गेल्या त्या बाहेरच येईनात. पंधरा मिनिटांनी आल्या. मी नेहमीप्रमाणे चुंबकाच्या दाराशी धातू शोधायची दांडी त्यांच्या अंगावरून फिरवली, आणि दांडी छातीशी किंचाळली. मी झगा चाचपला. डाव्या बाजूला, छातीवर, सुई टोचलेली. सुईत निळा दोरा.

झालं होतं असं की झग्याचा बंद तुटलेला होता. बाईंनी पर्समधून सुईदोरा काढून तो लावला, मग मुंढ्याची एक शिवण उसवून जरा सैल केली, मग हात शिवशिवायला लागले म्हणून खालची दुमड घातली. आणि काम संपल्यावर सुई तिथे खोचली जिथे त्या तीस वर्षं खोचत आल्या होत्या. जित्याची खोड. ती सुई आत गेली असती तर चुंबकाने बाणासारखी ओढली असती, कुठून कशी गेली असती देव जाणे. मी त्यांना असं काही झापलं की काय सांगू. बाई खाली मान घालून ऐकत होत्या. माझा श्वास संपला तेव्हा त्या हळूच म्हणाल्या की दोरा तरी जुळता होता ना. मग मला हसू फुटलं, ते पाहून त्यांना फुटलं, आणि तिथेच सगळं बिघडलं.

कारण आता त्यांना हसू आवरेना. बोगद्यात गेल्यावर पहिल्या प्रयत्नात रेघेचे डोंगरच डोंगर झाले. आकडा आला दोन मिलिमीटर, चित्र बाद. मी माइकवरून शक्य तितक्या रुक्ष आवाजात हलू नका म्हटलं. माझा रुक्ष आवाज ऐकून त्या परत हसल्या.

दुसऱ्या प्रयत्नाला मोठे डॉक्टर येऊन माझ्या मागे उभे राहिले. या वेळी हसू नव्हतं, पण रेघेवर एकसारख्या लाटा येत होत्या, एकामागून एक, अगदी मोजून मापून. आकडा पाऊण मिलिमीटर. डॉक्टरांचा चेहरा उतरला. हा कंप असावा, औषधाचा दुष्परिणाम असावा, म्हणून त्यांनी फोनकडे हात नेला. मी उठून काचेला नाक लावलं. मशीन आपलं खडखड खडखड चालू होतं आणि पांघरुणाखाली बाईंचा उजवा पाय त्या तालावर खालीवर होत होता. शिवणयंत्र चालवत होत्या बाई. त्यांना स्वतःला पत्ताही नव्हता.

डॉक्टरांना हे सांगितलं तर ते खुर्चीत बसले. एकच प्रयत्न उरला होता. नियम समितीचा होता, त्यांच्या हातात नव्हता, आणि बाईंचा बुधवार जावा असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं, हे मी प्रामाणिकपणे सांगते. माझी अवस्था त्यांच्याहून वाईट होती. मुंढ्याचा विनोद मी केला होता, सुईवर आधी मी हसले होते. या बाईंचा तास गेला असता तर माझ्या जिभेमुळे गेला असता. आकडा बदलून टाकायचा विचारही माझ्या मनात येऊन गेला, खोटं कशाला बोलू? पण आकडा मशीन स्वतःच लिहितं.

डॉक्टर म्हणाले, ‘‘मॅडम, त्यांना समजावून सांगा ना. पहिल्या वेळेला कशा पडून होत्या, तसंच पडायचंय.’’

‘‘पहिल्यासारखं? म्हणजे नऊ मिनिटांसाठी परत आजारी पाडू का त्यांना?’’

हे जरा मोठ्यानेच बोलले मी. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. भिंतीवर ते मोठं केलेलं चित्र होतं, त्याच्याकडेही त्यांनी एकदा पाहिलं. मग त्यांनी हळू आवाजात विचारलं की या वर्षात हालचालीमुळे आपण किती जणांना वगळलं. मी म्हटलं सहा. ते का हलले होते, असं त्यांनी विचारलं. मी वही उघडून त्यांच्यापुढे सरकवली.

त्यांनी बोट ठेवून वाचलं. पाच नंबर, नातीचा विनोद आठवून हसल्या. अकरा नंबर, मशीनच्या तालावर गाणं गुणगुणले. चौदा नंबर, दुपारी काय खायचं याचा बेत ठरवत होते असं बाहेर आल्यावर म्हणाले. नऊ नंबर, दोन नंबर, असंच काहीबाही. डॉक्टरांनी संगणकावर त्या सहाही जणांच्या प्रश्नावल्या काढल्या. पाच जण चांगले सुधारत होते.

‘‘आणि सहावे?’’ मी विचारलं.

‘‘त्यांना खोकला होता.’’

दोन वर्षं हा माणूस डोळ्यांत तेल घालून वाटाण्यात सुधारणा शोधत होता आणि सुधारलेली माणसं हलतात म्हणून त्यांना बाहेर काढत होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच. माझ्या जिभेवर ते आलंही होतं, पण त्यांचा चेहरा पाहून मी गिळलं. हे तुम्ही मला सांगितलं का नाही, असं त्यांनी विचारलं. लिहिलं होतं, मी म्हटलं, शेऱ्याच्या रकान्यात. तो कोण वाचतं, ते म्हणाले, आणि मग वही स्वतःकडे ओढून घेतली.

त्यांनी समितीला पत्र लिहायचं ठरवलं, त्या सहांना परत बोलवायचं ठरवलं. पण पत्राला उत्तर यायला महिने लागतात आणि बाई आत्ता बोगद्यात होत्या. त्यांना तर हे असं काही अर्ध्या मिलिमीटरवर आलंय हेही माहीत नव्हतं. सांगितलं असतं तर त्या घाबरून हलल्या असत्या.

मी माइकपुढे बसले. शिवताना माणूस डुलतं, कापताना वाकतं. मग या बाई कधी अजिबात हलत नसतील? माझी आई बटण लावायला बसायची तेव्हा आम्ही घरभर धिंगाणा घालायचो, पण एका क्षणी ती हात वर करायची आणि आम्ही सगळे थिजायचो. मला ते आठवलं.

‘‘बाई,’’ मी म्हटलं, ‘‘नऊ मिनिटं सुईत दोरा ओवायचाय. मनातल्या मनात.’’

आतून लगेच प्रश्न आला, ‘‘किती नंबरची सुई?’’

‘‘तुमच्याकडे असेल ती सगळ्यात बारीक.’’

मी बटण दाबलं. खडखड सुरू झाली. पाय हलला नाही. रेघ निघाली ती सरळ, दुसऱ्या मिनिटाला सरळ, पाचव्याला सरळ. डॉक्टर मुठी आवळून उभे होते. त्यांचा आनंद हळूहळू वाढत होता आणि त्याच्या बरोबरीने माझी धास्ती. कारण ही रेघ हुबेहूब पहिल्या भेटीतल्यासारखी होती, तीच फूटपट्टी. मला वाटलं, मी ह्या बाईंना परत तिथे तर नाही ना पाठवलं? सुई, दोरा, मशीन, अर्धवट टाकलेलं काम, नेमकं तेच मी त्यांना अंधाऱ्या बोगद्यात आठवायला लावलं होतं. मध्येच बोलता येत नाही, बोललं की चित्र गेलं. चौदा वर्षांत नऊ मिनिटं इतकी लांब मी पाहिली नव्हती.

मशीन थांबलं. आकडा आला अर्ध्याच्या खाली, बराच खाली. बुधवार वाचला. डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, पण माझं तिकडे लक्षच नव्हतं.

‘‘बाई?’’

मी माइक आणखी जवळ ओढला.

‘‘बाई, झालं. बरं वाटतंय ना? दोरा ओवला का?’’

‘‘तो कधीच ओवला,’’ बाई म्हणाल्या. आवाजात जरा त्रासिकपणा होता, कामात मध्येच कुणी बोलावल्यासारखा. ‘‘दुसऱ्या बाहीला लागले होते. बोलू नका जरा, मुंढ्याशी आलेय.’’

मी माइक बंद केला आणि दोन मिनिटं त्यांना मुंढ्याशी राहू दिलं. डॉक्टर विचारत होते की कुठली बाही. त्यांना मी बाहेरच्या बाकावरची धाकटी दाखवली. तिचा कोटही त्यांना आता पहिल्यांदाच नीट कळला.

पुढच्या बुधवारी दोघी बहिणी आल्या तेव्हा धाकटीच्या कोटाला दोन्ही बाह्या होत्या आणि ती तक्रार करत होती की उजवीकडे उकडतं, इतक्या महिन्यांत त्या हाताची बाहीची सवय गेली. थोरलीने तिला सगळ्यांसमोर सरळ उभं राहायला सांगून खांदा ओढून पाहिला, आणि डावी बाहीच जरा चुकली होती, ती परत काढावी लागेल, असा निर्णय दिला.

तिसऱ्या भेटीच्या शेऱ्यात काय लिहिलं होतं, हे डॉक्टरांनी स्वतः येऊन वाचलं. हल्ली ते रोज वाचतात, त्यामुळे मला जरा जपून लिहावं लागतं. सतरा नंबरच्या तिसऱ्या चित्रापुढे मी एवढंच लिहिलं होतं, ‘हलल्या नाहीत. कामात होत्या.’